भाड्याच्या खोलीची वही : एक प्रस्तावना

चाकणहून तळेगावकडे निघालात की थोड्याच वेळात महाळुंगे लागते. रस्त्याच्या कडेला कारखान्यांची लांबलचक कुंपणे, कंटेनरच्या रांगा, खानावळी, मोबाइलची दुकाने. आणि त्यांच्या मागे, शेताच्या जुन्या बांधांवरून वळलेल्या गल्ल्यांमध्ये, तीन-चार मजली इमारती. मजल्याला लांब गॅलरी, गॅलरीत ओळीने दारे, दाराबाहेर वाळत घातलेले गणवेश आणि उलटे करून ठेवलेले सेफ्टी शूज. खाली जिन्यापाशी विजेच्या मीटरची रांग, वर गच्चीवर काळ्या टाक्यांची. या इमारती बांधणारी माणसे बिल्डर म्हणून ओळखली जात नाहीत. कोणी जमिनीच्या मोबदल्यातून, कोणी निवृत्तीनंतर हाती आलेल्या फंडातून, कोणी पतसंस्थेचे कर्ज काढून आणि घरातले सोने मोडून दोन खोल्यांपासून सुरुवात केलेली असते. पैसे जमले की वर एक स्लॅब पडतो. हा छोटा घरमालक, त्याचा हिशेब, त्याचे डावपेच आणि त्याच्या अडचणी हा या प्रस्तावनेचा विषय आहे.

विषय लहान वाटेल, पण त्याची व्याप्ती पाहा. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना १९६२ साली झाली. पिंपरी-चिंचवड आणि भोसरीचा पट्टा भरत गेला तसे कारखाने उत्तरेकडे, कांद्याच्या बाजारासाठी आणि १६६० मध्ये फिरंगोजी नरसाळ्यांनी शाहिस्तेखानाविरुद्ध झुंजवलेल्या संग्रामदुर्गासाठी ओळखल्या जाणाऱ्या चाकणकडे सरकले. महाळुंग्यात बजाज ऑटोचा कारखाना १९९९ च्या सुमारास सुरू झाला. २००९-१० पर्यंत फोक्सवॅगन, मर्सिडीज-बेंझ आणि महिंद्र यांचे कारखाने याच परिसरात उभे राहिले, आणि त्यांना सुटे भाग पुरवणारे शेकडो छोटे उद्योग त्यांच्या मागोमाग आले. औद्योगिक क्षेत्र आखताना भूखंड, रस्ते, पाणी, वीज यांचे नकाशे झाले. कामगारांच्या राहण्याचा प्रश्न मात्र आसपासच्या गावांवर सोडला गेला, आणि गावांनी तो आपल्या पैशाने सोडवला. लातूर-नांदेडहून, वाशीम-यवतमाळहून, बिहार-उत्तर प्रदेश-ओडिशातून आलेला आयटीआयचा मुलगा पहिल्या रात्री ज्या छपराखाली झोपतो, ते छप्पर बहुधा अशाच एखाद्या कुटुंबाच्या बचतीतून उभे राहिलेले असते. या गोष्टीचा मला अभिमान वाटतो. तिचा अभ्यास व्हावा असेही फार दिवस मनात आहे.

पुण्याला अशा अभ्यासाची परंपरा आहे. धनंजयराव गाडगीळांच्या मार्गदर्शनाखाली गोखले अर्थशास्त्र संस्थेने पुणे शहराची सामाजिक-आर्थिक पाहणी केली आणि १९४५ व १९५२ साली ती दोन भागांत प्रसिद्ध केली. घराघरांत जाऊन माहिती गोळा करायची आणि मग बोलायचे, ही त्या पाहणीची शिस्त होती. भाड्याच्या खोल्यांकडे वाचकांनी त्याच शिस्तीने पाहावे, अशी माझी विनंती आहे. गुंतवणुकीवरचे बरेचसे लिखाण परताव्याच्या आकड्यापासून सुरू होते. आपण खोलीत राहणाऱ्या माणसापासून सुरुवात करू, कारण पैसे त्याच्याकडूनच यायचे असतात.

त्याआधी एक छोटी सूचना. पुणे जिल्ह्यात महाळुंगे नावाची एकाहून अधिक गावे आहेत. आपण बोलतो आहोत ते खेड तालुक्यातले महाळुंगे इंगळे. बालेवाडीच्या क्रीडासंकुलाजवळचे महाळुंगे मुळशी तालुक्यात येते, आणि हुतात्मा बाबू गेनू ज्या गावचे, ते महाळुंगे पडवळ आंबेगाव तालुक्यात. तिन्ही ठिकाणच्या जमिनीचा भाव, भाडेकरू आणि नियम वेगळे. फोनवर जाहिरात पाहून व्यवहाराची बोलणी सुरू करणाऱ्याने सातबाऱ्यावर गाव आणि तालुका आधी वाचावा. गट क्रमांक त्यानंतर.

आता भाडेकरू. महाळुंग्यातल्या खोलीचा भाडेकरू बहुतेक वेळा विशीतला असतो, पाळीत काम करतो आणि एकटा राहत नाही. दहा बाय बाराच्या खोलीत तिघे राहतात; एकाची पहिली पाळी, दुसऱ्याची दुसरी, तिसऱ्याची रात्रपाळी. कुणी आंघोळ करून निघतो तेव्हा दुसरा जोडे काढत असतो. त्याला घर हवे असते ते कारखान्याच्या फाटकापासून किंवा कंपनीची बस थांबते त्या जागेपासून चालत जाता येईल असे. चाकणच्या तळेगाव चौकात संध्याकाळी अडकलेल्या कोणालाही याचे कारण समजावून सांगावे लागणार नाही. अर्ध्या तासाची चाल वाचत असेल तर तो दोनशे रुपये जास्त देतो. पण पाणी पहाटे चार वाजता नसेल तर महिनाअखेरीला खोली सोडतो. दिवसा झोपणाऱ्याला काळोख आणि शांतता लागते. खिडकीला पडद्याची दांडी बसवून देणारा मालक मी पाहिला आहे. त्याच्या खोल्या क्वचितच रिकाम्या असत.

याच गल्ल्यांत एका काकूंकडे मी त्यांची भाड्याची वही पाहिली. लाल पुठ्ठ्याची लांब वही. पानावर डावीकडे खोलीचा नंबर, मग नाव, गाव, कंपनी, पाळी, मीटरचे मागचे आणि आताचे रीडिंग, भाडे, बाकी. शेवटच्या रकान्यात त्या फक्त एक आकडा लिहीत : या वर्षात खोली किती दिवस रिकामी राहिली. बारा खोल्यांचे बारा आकडे. त्या अर्थशास्त्र शिकलेल्या नव्हत्या. पण या व्यवसायाचे मर्म त्या रकान्यात होते, आणि हे सगळे लिखाण मी त्या एका रकान्याभोवतीच मांडतो आहे.

समजा, खोलीचे भाडे ४,५०० रुपये आहे. वर्षभर खोली भरलेली राहिली तर ५४,००० रुपये येतात. मालकाने भाडे ५,००० केले, भाडेकरू निघून गेला आणि खोली एक महिना रिकामी राहिली, तर अकरा महिन्यांचे ५५,००० होतात. वरचे हजार रुपये चुन्यात आणि नळाच्या वायसरात जातात. दोन महिने रिकामी राहिली तर ५०,०००, म्हणजे भाडे वाढवून चार हजारांचा तोटा. भाडे वाढवूच नये असा याचा अर्थ नाही. जुन्या, वेळेवर पैसे देणाऱ्या माणसाला दरवर्षी थोडे वाढवून टिकवणे आणि नव्याला बाजारभावाने घेणे, हे दोन वेगळे निर्णय आहेत. तुम्ही स्वतःच्या आकड्यांवर हे गणित एकदा मांडून पाहा. आकडे बदलतील, चाल हीच राहील.

खोल्यांऐवजी फ्लॅट घेणाऱ्याचे गणित वेगळ्या जागी अडते. उदाहरणादाखल ३५ लाखांचा फ्लॅट आणि महिना ११,००० भाडे धरू. अकरा महिने भाडे आले तर १,२१,०००. सोसायटीचा मेंटेनन्स महिना २,००० म्हणजे २४,०००. घरपट्टी ६,००० आणि दुरुस्ती ८,००० धरा. हाती उरतात ८३,०००, म्हणजे किमतीच्या सव्वादोन-अडीच टक्के. त्यातले २८ लाख कर्जाचे असतील, व्याज ९ टक्के आणि मुदत २० वर्षे असेल, तर हप्ता साधारण २५,२०० रुपयांचा येतो. भाड्यातून हप्ता फेडू असे ज्याला सांगितले गेले आहे, त्याने हे दोन आकडे शेजारी शेजारी लिहावेत. फरक पगारातून भरावा लागतो, आणि तो भरायचा कशासाठी तर पुढे किंमत वाढेल या अपेक्षेसाठी. अपेक्षा खरीही ठरू शकते. पण मग ती भाड्याची गुंतवणूक राहत नाही, किमतीवरची पैज होते. आणि पैज लावणाऱ्याला आपण पैज लावतो आहोत हे ठाऊक असलेले बरे. गावातल्या स्वतःच्या जागेवर खोल्या बांधणाऱ्याला जमिनीचा भाव मोजावा लागत नाही, म्हणून त्याचा परतावा चांगला दिसतो. जमीन आजच्या भावाने विकत घेऊन तेच करू पाहणाऱ्याने त्याच्या आकड्यांवर भुलू नये.

जोखमीबद्दल थोडे थांबून बोलले पाहिजे. एकाच गावातल्या बारा खोल्या बारा वेगवेगळ्या माणसांना दिल्या, म्हणजे जोखीम विभागली असे वाटते. बाराही जण एकाच उद्योगावर जगत असतील तर ती विभागलेली नसते. २०१३ च्या पावसाळ्यात बजाजच्या चाकण कारखान्यात सुमारे ५० दिवस संप चालला. २०१९ मध्ये गाड्यांची मागणी घटली, तेव्हा कंपन्यांनी काही दिवस उत्पादन बंद ठेवले आणि कंत्राटी मुलांची कामे गेली. २०२० च्या मार्चअखेरीपासून तर सगळेच थांबले. त्या एप्रिलमध्ये राज्याच्या गृहनिर्माण विभागाने घरमालकांना किमान तीन महिने भाडेवसुली पुढे ढकलण्याची आणि भाडे थकले म्हणून कोणाला घराबाहेर न काढण्याची सूचना दिली. त्या उन्हाळ्यात माणसे गावी निघून गेली. खोल्यांना कुलपे राहिली, आणि कित्येक मालकांचे कर्जाचे हप्ते मात्र चालूच होते. ज्यांनी कर्ज कमी घेतले होते ते तगले. ज्यांनी भाडेकरूंना तांदूळ-पीठ दिले, गावी जायला पैसे दिले, त्यांच्याकडे पुढे जुनी माणसे परत आल्याचे मी ऐकले आहे आणि काही ठिकाणी पाहिलेही आहे. सहा महिन्यांच्या हप्त्याइतकी रक्कम बाजूला ठेवल्याशिवाय दुसरा स्लॅब टाकू नका, हा माझा आग्रह त्या उन्हाळ्यातून आलेला आहे.

कायद्याच्या भागाकडे वळताना इतिहास सोबत घ्यावा. मुंबईत भाडेनियंत्रण पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस, १९१८ साली आले. १९४७ च्या कायद्याने ते पक्के केले आणि भाडी जवळपास गोठली. मालकांनी मग भाडेकरार टाळून लीव्ह अँड लायसन्सची वाट धरली. पण १ फेब्रुवारी १९७३ रोजी जे अशा लायसन्सवर राहत होते, त्यांना कायद्यातल्या दुरुस्तीने भाडेकरूचे संरक्षण मिळाले. तेव्हापासून ‘भाडेकरू घर बळकावेल’ ही भीती मराठी घरमालकाच्या मनात कायमची बसली. आजही कित्येक फ्लॅट कुलूप लावून पडलेले दिसतात, त्यामागे ती भीती आहे. १९९७ अखेर सर्वोच्च न्यायालयाने गोठवलेल्या भाड्याच्या तरतुदी अवाजवी ठरवल्या आणि त्यानंतर महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ आला. तो ३१ मार्च २००० पासून अमलात आहे. त्यात लायसन्सची मुदत संपल्यावरही जागा न सोडणाऱ्याविरुद्ध सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाण्याची आणि दुप्पट दराने भरपाई मागण्याची सोय आहे. म्हणजे भीतीचे कारण बरेचसे उरलेले नाही; फक्त करार लेखी आणि नोंदवलेला हवा.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. करार अकरा महिन्यांचा असला की नोंदणी लागत नाही, असे चहाच्या टपरीपासून दलालाच्या टेबलापर्यंत सगळीकडे सांगितले जाते. एक वर्षापर्यंतच्या भाडेपट्ट्याला नोंदणी कायद्यात सूट आहे, त्यावरून हा समज रूढ झाला. १९९९ च्या अधिनियमाच्या कलम ५५ नुसार मात्र मुदत कितीही असो, करार लेखी आणि नोंदणीकृत असणे बंधनकारक आहे आणि ती जबाबदारी घरमालकाची आहे. करार नोंदवलेला नसेल तर वाद उद्भवल्यावर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते, आणि मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. अभ्यासू वाचकांनी आणखी एक खुबी लक्षात ठेवावी. हा अधिनियम सगळ्या महाराष्ट्राला सरसकट लागू झालेला नाही. त्याला जोडलेल्या परिशिष्टांत नमूद क्षेत्रांना तो लागू आहे. म्हणून ग्रामपंचायत हद्दीतल्या मालकाने आपले गाव कुठे बसते हे वकिलाकडून एकदा नीट समजून घ्यावे. उत्तर काहीही आले तरी करार नोंदवाच. मुद्रांक शुल्क एकूण भाडे आणि अनामतीवर धरलेले वार्षिक १० टक्के व्याज यांच्या बेरजेच्या पाव टक्का असते; नोंदणी शुल्क ग्रामीण भागात ५०० रुपये. खोलीच्या महिनाभराच्या भाड्याच्या मानाने हा खर्च किरकोळ आहे. भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात देणे यासोबतच उरकावे. २०१८ पासून हा परिसर पिंपरी-चिंचवड पोलीस आयुक्तालयात आहे.

जागेच्या कागदांबद्दल थोडक्यात : सातबारा आणि आठ-अ, जमीन बिनशेती झाली आहे का, बांधकामाला परवानगी कोणाची, ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मध्ये नोंद आहे का. २०१५ पासून या भागात पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण, म्हणजे पीएमआरडीए आहे, हे विसरू नका. गुंठ्या-दीड गुंठ्याचे तुकडे पाडून विकलेल्या जागेवर बँक सहसा कर्ज देत नाही. उद्या विकायला गेलात तर गिऱ्हाईकही त्याच कारणाने परत जाते. फ्लॅट घेत असाल तर प्रकल्पाचा महारेरा क्रमांक पाहा. पाचशे चौरस मीटरपर्यंतच्या जागेवरची किंवा आठपर्यंत सदनिकांची इमारत त्या नोंदणीतून वगळलेली असते, म्हणून लहान इमारतीत घेताना तपास दुप्पट करावा लागतो.

वीज आणि पाणी या दोन गोष्टींना गुंतवणुकीच्या पुस्तकांत जागा मिळत नाही. खोल्यांच्या धंद्यात मात्र त्याच नफा-तोटा ठरवतात. मी स्वतः सुरुवातीला पाच खोल्यांना एकच मीटर घेतला आणि आत सबमीटर बसवले. घरगुती विजेचा दर वापराच्या टप्प्यांनी चढत जातो : पहिल्या १०० युनिटला सर्वांत कमी, पुढे जास्त. एका खोलीत महिन्याला साठ-सत्तर युनिट जळत होती. पाच खोल्यांची मिळून तीनशेच्या वर गेली की शेवटची युनिटे महागड्या टप्प्यात पडायची. भाडेकरू विचारायचे, आमचा वापर एवढासा, मग युनिटला एवढे कसे? त्यांचे बरोबर होते. दोन मुले त्याच कारणाने गेली. पुढच्या वर्षी प्रत्येक खोलीला महावितरणचा स्वतंत्र मीटर घेतला आणि महिन्याच्या पहिल्या आठवड्यातली कटकट संपली. पाण्याचेही तसेच. जल जीवन मिशनने ग्रामीण भागासाठी माणशी रोज ५५ लिटर हे प्रमाण धरले आहे. बारा खोल्यांत तिघे-तिघे म्हणजे ३६ माणसे. दिवसाला जवळपास २,००० लिटर, तेही अगदी किमान. उन्हाळ्यात बोअर आटली तर टँकर. त्याचा खर्च मार्चमध्येच मनाशी धरून ठेवलेला असावा.

प्राप्तिकराचा भाग त्या मानाने सरळ आहे. मिळालेल्या भाड्यातून प्रत्यक्ष भरलेली घरपट्टी वजा होते, उरलेल्या रकमेतून सरसकट ३० टक्के वजावट मिळते, आणि कर्जाचे व्याजही धरता येते. दुरुस्तीच्या पावत्या वेगळ्या दाखवता येत नाहीत. ती त्या तीस टक्क्यांत आली. जुन्या कररचनेत घराचा तोटा पगारासमोर २ लाखांपर्यंतच वळता करता येतो, नव्या रचनेत तोही नाही. कर वाचवायला फ्लॅट घ्या, असे सांगणाऱ्याला हे विचारा.

ज्यांना मीटर आणि टाक्यांत पडायचे नाही, त्यांच्यासाठी रीट, म्हणजे भाड्याच्या मालमत्तांत अनेकांचे पैसे एकत्र गुंतवणारे ट्रस्ट, आहेत. सेबीने त्यांचे नियम २०१४ मध्ये केले, आणि देशातला पहिला रीट १ एप्रिल २०१९ रोजी शेअर बाजारात आला. एक युनिटही घेता येते आणि विकायलाही दिवस लागत नाही. पण त्यात भाडे येते ते मोठ्या कार्यालयांचे आणि मॉलचे. कामगारांच्या खोलीत पैसे घालण्याचा असा सोपा मार्ग अजून नाही. सरकारने २०२० मध्ये परवडणाऱ्या भाड्याच्या घरांची योजना आणली. जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात औद्योगिक कामगारांसाठी खासगी भागीदारीतून शयनगृहे उभारण्याचे जाहीर झाले. ती इथे आली तर छोट्या मालकाला स्पर्धा होईल. मला ती नकोशी वाटत नाही. ज्याच्या गच्चीवर पाणी आहे आणि ज्याची वही नीट आहे, त्याच्याकडे माणसे राहतील.

आता तुम्ही कुठून सुरुवात करावी? वाचून झाल्यावर लगेच एजंटला फोन करू नका. पिंपरी-चिंचवड, भोसरी आणि चाकणच्या पट्ट्यात अनेक कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. एखाद्या गुरुवारी सकाळी दहाच्या सुमारास महाळुंग्यात या. मुले कपडे धुवत असतात, किराणा भरत असतात, गावाकडे फोन लावून बसलेली असतात, आणि बोलायला मोकळी असतात. त्यांना विचारा, आधीची खोली का सोडली. दहा जणांना विचारा आणि उत्तरे लिहून घ्या. भाड्याचा आकडा त्यानंतर विचारा. मग जिन्याने वर जाऊन टाक्या मोजा, खाली येऊन मीटर मोजा, आणि मालक भेटले तर त्यांची वही पाहायला मागा. शेवटच्या रकान्यात ते काय लिहितात ते बघा. आणि तो रकाना नसेल, तर तुमच्या वहीत तो आजच आखून ठेवा.